गाळलेल्या चार ओळी

हे मी आजवर तोंडातून बाहेर काढलेलं नाही. नीताला, माझ्या बायकोला, सांगितलं नाही. ताईला तर नाहीच. देवासमोर हात जोडतानासुद्धा ह्या एका गोष्टीला वळसा घालून पुढे जातो. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगायचा प्रयत्न करतो. जमेलच असं नाही.

आधी आवाजाचं सांगायला हवं.

माझा आवाज स्वच्छ आहे, असं लहानपणापासून सगळे म्हणतात. आमच्या मुलुंडच्या सोसायटीत वार्षिक सभेचा वृत्तांत अजूनही मीच वाचतो. आईने हे फार लवकर हेरलं होतं. श्रावणात घरी पोथी लागायची आणि ती वाचायची मी, अगदी चौथीत असल्यापासून. नियम एकच – ओवी गाळायची नाही. कंटाळा आला, घसा बसला, खाली मुलं खेळायला हाका मारत असली, तरी गाळायची नाही. "एक ओवी गाळलीस तर सगळं वाचन वाया," आई म्हणायची. मी कधी गाळली नाही. खरंच नाही.

वाचन चालू असताना सगुणा स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसलेली असायची. तिला अक्षर येत नाही. अध्याय संपला की ती आतून विचारायची, "संपला काय रे?" मी म्हणायचो, "संपला." मग ती दूधसाखरेची वाटी घेऊन बाहेर यायची. माझ्या "संपला"शिवाय ती वाटी कधी हलली नाही. तीस-पस्तीस वर्षं.

सगुणा कोण, हे सांगताना आता अडखळायला होतं. पूर्वी होत नव्हतं. पूर्वी मी सहज सांगायचो – आमच्या घरचीच आहे. आईचं लग्न झालं तेव्हा आजोबांनी सामान दिलं: तांब्याचा बंब, पितळी समया, दोन पेट्या. आणि सोबतीला सगुणा. आजोबांची शेती कसणाऱ्या कुळाची मुलगी, वय नऊ. कोकणातून मुंबईला आली ती पेट्यांच्या शेजारी बसून. हे आई हसत सांगायची आणि आम्हीही हसायचो. "मी आंदणातली," सगुणा स्वतःच म्हणायची आणि तीही हसायची. तिचं लग्न झालं नाही. कुणी काढलंच नाही. तिला पगार नव्हता – घरच्या माणसाला कोण पगार देतं? शेजारपाजारच्या सगळ्या बायका आम्हाला काकू नाहीतर मावशी. सगुणा मात्र माझ्याहून तेरा वर्षांनी मोठी असूनही नुसती सगुणा. अगं सगुणा, पाणी दे. हे मला कधी खटकलं का? नाही. खोटं कशाला बोलू?

मागच्या महिन्यात ईशाने, माझ्या मुलीने, जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडला. तिचं बीएचं शेवटचं वर्ष, विषय इतिहास. जुन्या अमेरिकेत गुलाम बाळगणाऱ्या कुटुंबांची मृत्युपत्रं, असा काहीतरी तिचा प्रकल्प आहे. सगुणा खाली पाट घेऊन मटार सोलत होती.

"पप्पा, ऐका ना, काय भारी लिहिलंय," ईशा म्हणाली आणि वाचता वाचता मराठी करून सांगू लागली. कुणी एक मालक मरताना वाटणी करतो. पलंग मोठ्या मुलाला, घोडी धाकट्याला, आणि एक बाई – तिचं नुसतं नाव, आडनाव नाही – ती बायकोला. बायको आहे तोवर तिने बायकोकडे राहायचं, मग तिला मोकळं करायचं.

"म्हणजे हिची गरज संपली की सोडा," ईशा म्हणाली. "काय उपकार!"

"मग सोडल्यानी का तिका?" हे सगुणाने विचारलं. तिची बोटं चालूच होती.

"कुठलं गं! बायको मेल्यावर मुलाने तो कागदच दाबून ठेवला. किती वर्षांनी बाहेर आलं." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "काय नालायक माणूस असेल ना, पप्पा?"

मी म्हणालो, "हो."

सगुणाने एक शेंग सोलली, दाणे भांड्यात टाकले आणि म्हणाली, "असात बिचाऱ्याची कायतरी अडचण."

मी उठून गॅलरीत गेलो. जेवण अर्धं, ताट टेबलावर तसंच. खरकटा हात वाळेपर्यंत उभा राहिलो.

बारा वर्षांपूर्वी आई गेली. चौदाव्याचं गोडाचं जेवण झालं, पाहुणे पांगले, आणि घरात आम्हीच उरलो. बोरिवलीहून आलेली ताई, नीता, अर्धांगाने सहा महिने अंथरुणाला खिळलेले बाबा, मी. आईने हाताने लिहिलेलं मृत्युपत्र कपाटात होतं. तळमजल्यावरच्या डॉक्टरांनी आणि समोरच्या दारातल्या शेजाऱ्यांनी साक्षीदार म्हणून सह्या केल्या होत्या, पण साक्षीदाराला मजकूर वाचावा लागत नाही. सही डोळ्यांदेखत झाली एवढंच पाहायचं. म्हणजे त्या कागदात काय आहे, हे आईशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं.

ताई म्हणाली, "तूच वाच रे. आईला आवडलं असतं."

बाबांच्या खाटेशी खुर्ची ओढून मी वाचायला बसलो. सगुणा उंबऱ्याशी होती, चहाचा ट्रे बाजूला ठेवून. फ्लॅट बाबांना आणि त्यांच्यामागे मला. दागिने ताईला. समया ईशाला. पान उलटलं. वर चार ओळी होत्या आणि खाली सही. माझ्या डोळ्यांना त्या तोंडाच्या आधी दिसल्या.

त्या चार ओळी मला पाठ आहेत. आज पहिल्यांदा कुठेतरी लिहितोय:

"सगुणा माझ्या लग्नात माझ्याबरोबर आली. तिला कुणी विचारलं नव्हतं. मीही कधी विचारलं नाही. गावचं माझ्या नावचं घर तिला द्यावं, आणि माझे दिवस झाले की तिला तिथे पोचवून यावं. तिला कुणी थांबवू नये."

मी त्या वाचल्या नाहीत.

किती वेळ लागला असेल? एक श्वास. त्या एका श्वासात मी बाबांकडे पाहिलं – त्यांचं कूस बदलणं, त्यांचं भांडं, त्यांना भरवणं, सगळं सगुणा करायची. नीताची बँकेतली नोकरी. ईशा तिसरीत. सगळं एकदम डोळ्यांसमोर आलं. पण असं नाही की मी घाबरून गोंधळलो. मी नीट ठरवलं. मी एकदम सहीवर गेलो, आईचं नाव वाचलं आणि कागदाची घडी घातली.

उंबऱ्यातून आवाज आला, "संपला काय रे?"

मी म्हणालो, "संपला."

ती ट्रे घेऊन आत आली. आधी मला दिला.

ताईने विचारलं, "आणि गावचं घर?" मी म्हणालो, "त्याचं काही लिहिलेलं नाही." ती म्हणाली, "तूच ठेव मग, मी कुठली जातेय तिकडे." एकामागून एक, दोन थापा. दुसरी सोपी गेली. माझ्या स्वच्छ आवाजावर कुणी कधी शंका घेतली नव्हती, तेव्हाही घेतली नाही. कागद कुणी हातात मागितलासुद्धा नाही.

तो कागद मी पोथीत ठेवला. लाल कापडात गुंडाळलेली पोथी देवघराच्या फळीवर असते. तेव्हापासून मी ती उघडलेली नाही; घशाचा त्रास आहे असं सांगतो. सगुणा रोज सकाळी ती फळी पुसते, पोथी उचलते, कपाळाला लावते आणि वर फूल ठेवते. रोज. मी चहा पीत समोर बसलेला असतो.

तेव्हा मी मनाशी म्हटलं होतं – बाबा आहेत तोवरच. बाबा पाच वर्षांनी गेले. मग ईशाची दहावी आली. मग नीताचं ऑपरेशन. मग कसलंच कारण उरलं नाही आणि तरी मी बोललो नाही. आईवर मी कधीकधी रागावतो. तीही सगुणाला जिवंतपणी सोडू शकली नाही. आपल्याला चहा लागणार नाही अशा दिवसाची तारीख घातली तिने. पण तिने निदान लिहिलं. मी काय केलं?

गावचं घर, आईच्या माहेरचं, दोन खोल्यांचं. मागे विहीर, पुढे फणस. दर मे महिन्यात आम्ही आठ दिवस तिथे जातो; बाबा होते तोवर तेवढे दिवस ताई येऊन त्यांच्याजवळ राहायची. सगुणा आमच्या आधी दोन दिवस एसटीने जाते – जाळी काढायला, अंगण सारवायला. स्वतःच्या घराचं अंगण ती आमच्यासाठी सारवते. चंद्रा, तिची धाकटी बहीण, हाकेच्या अंतरावर एकटी राहायची. संध्याकाळी दोघी पायरीवर बसायच्या. चंद्रा मला हसत म्हणायची, "आमच्या बायेक आता सोडा हो. म्हाताऱ्यो झालों, दोघी मिळान पेज तरी खाऊ." मी म्हणायचो, "बघू, बघू." निघायच्या दिवशी सगुणा दाराला कुलूप लावायची, दोनदा ओढून बघायची आणि किल्ली माझ्या तळहातावर ठेवायची. अकरा वेळा ठेवली. अकरा वेळा मी घेतली.

गेल्या वर्षी चंद्रा गेली. सगुणा एकटी गेली, दिवसांसाठी. पाचव्या दिवशी मी तिला फोन केला. घरी पाहुणे यायचे होते, बाकी काही नाही. विचारलं, "कधी येतेस?" ती म्हणाली, "दहावा तरी होऊं दे रे बाळा." मी म्हणालो, "हो, हो, होऊ दे. पण लगेच नीघ."

ती लगेच निघाली. अकराव्या दिवशी सकाळी दारात उभी होती, हातात फणसाच्या गऱ्यांची पिशवी. ईशाला आवडतात म्हणून.

त्या दोघी बहिणी एकत्र पेज खाऊ शकल्या असत्या. अकरा वर्षं. हे मला ठाऊक होतं, आणि ठाऊक असणारा मी एकटाच होतो.

तिने त्या दिवशी माझा तो श्वास ऐकला असेल का? पोथी वाचताना मी कुठे थांबतो, कुठे घाई करतो, हे तिच्याइतकं कुणालाच माहीत नाही. मला उत्तर माहीत नाही आणि विचारायचा हक्कही नाही.

हे लिहितोय तेव्हा ती आत आहे. आता ती अडुसष्ट वर्षांची आहे. उठताना गुडघ्यावर हात ठेवून उठते. किल्ली माझ्या कपाटात आहे, कागद पोथीत.

सगुणाचं मी एक घर देणं लागतो. तिथे जायचं की नाही, हे तिचं तिने ठरवणं देणं लागतो. आईच्या चार ओळी देणं लागतो, तिच्यासमोर बसून, मोठ्याने, एक शब्दही न गाळता. बारा वर्षं आणि चंद्राही देणं लागतो. ती द्यायला माझ्याकडे नाहीत.