हळदीतला धोक्याचा माल

उरणजवळच्या एका मालवाहतुकीच्या कचेरीत मी नोकरीला लागले, तेव्हा साहेबांनी जर्मन गिऱ्हाइकांचं काम माझ्या गळ्यात घातलं. मालाचे जर्मन शब्द मी रोज घरच्या ओटीवर मोठ्यानं घोकायचे. समोर आत्या मासळीबाजारातून आणलेली करंदी सोलत बसलेली असायची. नवऱ्यामागं घरचे दोन ट्रेलर तीच सांभाळत होती. बंदरातल्या मालाचं तिला सगळं ठाऊक.

“गूट म्हंजे माल ना गो?” तिनं एकदा विचारलं.

मग मी तिला समजावलं. श्पेरगूट म्हणजे अवाढव्य, जागा अडवणारा माल. गेफारगूट म्हणजे धोक्याचा, कधीही भडकेल असा. आइलगूट म्हणजे तातडीनं पोचवायचा. आत्यानं मान डोलावली आणि करंदी सोलत राहिली.

पुढं चुलतभावाच्या हळदीला आम्ही दोघी मांडवात शेजारीशेजारी बसलो होतो. थोरले काका आले आणि दोन खुर्च्या जोडून ऐसपैस बसले.

“श्पेरगूट लागला,” आत्या माझ्या कानात पुटपुटली. मी तोंडात पदर कोंबला.

तेवढ्यात अलिबागची मामी आली. कुठल्याही कार्यात भांडण काढल्याशिवाय तिला जेवण जात नाही.

“गेफारगूट! लांब उतरवा,” आत्या म्हणाली.

मागच्या खुर्चीवर कुणाला तरी ठसका लागला. वळून बघते तर मामीची नवी सून! ही लग्नाआधी शिकायला जर्मनीत होती, ते मला तेव्हा आठवलं. मी आत्याला कोपरानं ढोसलं.

ती पुढं वाकून हळूच म्हणाली, “आणि मी कोण हो, आत्या?”

आत्या जराही बिचकली नाही. “तू आइलगूट. साखरपुडा झाला नि महिन्याभरात घरात हजर!”

“खरंय,” सून हसत म्हणाली, “पण आल्यापासून गोदामातच पडून आहे.”

“काय गं खुसुरफुसुर चाललीय?” मामीनं समोरच्या रांगेतून आवाज दिला.

“आई, आत्या तुमच्या साडीचं कौतुक करतायत. जर्मनमध्ये!”

मामी फुलली. खुर्ची ओढून आमच्या दोघींच्या मधोमध बसली आणि साडी कुठे घेतली, दुकानदाराला कसं रडकुंडीला आणलं, ते पहिल्यापासून सांगू लागली. हळद लागली, पहिली पंगत उठली, तरी आमची सुटका नाही. सून मात्र “पाणी आणते” म्हणून उठली ती थेट नाचणाऱ्या बायकांत घुसली, आणि तिथून तिनं आम्हाला खुशाल डोळा मारला.