एकही तक्रार नाही

माझ्या नवऱ्याला ऑफिसात सगळे 'मिलीमीटर' म्हणतात. वेबसाइटवरचं बटण केसभर सरकलेलं असलं तरी ते याच्या डोळ्यात खुपतं. औषधाच्या रांगेत उभा असला तरी हा समोरची पाटी बघून म्हणणार, "अक्षरांत अंतर बघ कसं सोडलंय!" अरे बाबा, आधी औषध घे की. तसा माणूस कष्टाळू, मनानं सरळ. फक्त कोणी कौतुक केलं की हरभऱ्याच्या झाडावर चढतो, आणि मग उतरवताना माझ्या नाकी नऊ येतात.

यंदा त्याच्या कंपनीला डोळ्यांच्या दवाखान्याचं काम मिळालं. तपासणीसाठी नंबर लावायचं वेबसाइटचं पान बनवायचं होतं. पान सुरू झालं तसं दवाखान्यानं फोनवर नंबर देणं बंदच केलं. माझे सासरे त्याच दवाखान्यात जातात. आम्ही त्यांना बाबा म्हणतो. आयुष्यभर शिंपीकाम केलेला माणूस, आता काचबिंदू आहे. डोळ्यातला दाब वेळच्या वेळी तपासून थेंब बदलावे लागतात, नाहीतर नजर कडेकडेनं जाते आणि गेलेली परत येत नाही. डॉक्टरांनी हे आम्हा तिघांना समोर बसवून सांगितलं होतं.

नवऱ्यानं ते पान सुट्या सुट्या भागांतून घडवलं. तारखेची चौकट वेगळी, बटण वेगळं, खाली तक्रार लिहायची जागा वेगळी. असे आपण घडवलेले भाग नव्या ब्राउझरला आपोआप कळतात, जुन्याला कळत नाहीत. जुन्याला ते शिकवणारा कोडचा एक तुकडा असतो, त्याला पॉलिफिल म्हणतात. जेवताना ऐकून ऐकून मला हे सगळं पाठ झालंय. शेवटी सगळा कोड बांधून त्याची एकच फाइल करतात, ते बंडल. यानं पॉलिफिलही त्याच बंडलमध्ये कोंबला, कारण साहेबांना सगळं आटोपशीर लागतं. ऑफिसात पानाची चाचणी घेणारी मुलगी म्हणालीसुद्धा, "सर, जुन्या फोनवर एकदा बघू या का?"

"पॉलिफिल आत आहे की," हा म्हणाला. "आणि जुने फोन वापरतं कोण आता?"

काही आठवड्यांनी हा आइस्क्रीम घेऊन घरी आला. बूट न काढताच ओरडला, "एकही तक्रार नाही! एवढं मोठं पान आणि एकही नाही!" मोठ्या साहेबांनी सगळ्यांसमोर पाठ थोपटली होती. बाबा म्हणाले, "वा रे पठ्ठ्या," आणि लगेच उठून आपल्या खोलीत गेले. मला वाटलं, थकले असतील.

मग काही महिन्यांनी एका दुपारी ते स्वयंपाकघरात येताना दाराच्या चौकटीवर आपटले. डावा खांदा चोळत म्हणाले, "काही नाही गं, लक्ष नव्हतं." मी ओळखते ना त्यांना. विचारलं, "बाबा, डोळे तपासून कधी आलात?"

"जाईन की. नंबर लागत नाहीये."

"लागत नाही म्हणजे?"

"मला ते जमत नाही. पान पांढरंच राहतं. मीच काहीतरी भलतं दाबत असणार."

"अहो, मग सांगायचं नाही का?"

"काय सांगू? सगळ्या जगाला जमतं आणि ज्यानं बनवलं त्याच्या बापालाच जमत नाही, असं? लाज वाटते गं."

माझं डोकंच फिरलं. त्यांचा टॅब म्हणजे आमचाच जुना, नवा घेतल्यावर त्यांच्याकडे सरकवलेला. मी तो उघडला. वर दवाखान्याचं नाव, आणि खाली कोरं पांढरं. बटण नाही, तारीख नाही, काही म्हणजे काही नाही.

नवरा आला तसा टॅब त्याच्या हातात ठेवला. आधी म्हणाला, नेट गेलं असेल. मग टॅब लॅपटॉपला जोडला, आणि पडद्यावर चूक दाखवणारी लाल ओळ आली तसा त्याचा चेहरा पडला.

"बंडल नव्या पद्धतीच्या भाषेत लिहिलंय," तो हळूहळू म्हणाला. "जुना ब्राउझर त्यातल्या पहिल्याच न कळणाऱ्या शब्दाला अडतो आणि अख्खी फाइल सोडून देतो. पॉलिफिलही त्यातच. तो कधी चाललाच नाही."

"म्हणजे मदतीला माणूस ठेवलास आणि त्याला आत कोंडून बाहेरून कडी लावलीस."

"हो."

"मग लोकांनी तक्रार का नाही केली?"

त्यानं त्या पांढऱ्या जागेवर बोट ठेवलं. तक्रारीची जागाही त्याच भागांतली होती. ज्यांना पान दिसत नव्हतं त्यांना तक्रारही करता येत नव्हती. त्याचे कान लालबुंद झाले.

त्यानं आधी त्या चाचणीवाल्या मुलीला फोन केला. "तुझं ऐकायला हवं होतं," म्हणाला. मग दोघांनी मिळून पॉलिफिल बंडलच्या बाहेर काढला, पानावर सगळ्यात आधी ठेवला, त्याचं काम झाल्यावरच बंडल येईल असं केलं. बंडलही जुन्या ब्राउझरला कळेल अशा भाषेत उतरवलं. बाबांच्या टॅबवर बटण उगवलं. नंबर लागला.

डॉक्टरांनी तपासलं. डाव्या डोळ्याची बाहेरच्या कडेची नजर गेली होती. "आता उरलेली नजर जपू या," ते म्हणाले. घरात आल्यावर नवरा बाबांच्या समोर जाऊन उभा राहिला.

"बाबा, तुमचं काही चुकत नव्हतं. पानातच खोट होती."

"म्हणजे मी बरोबर दाबत होतो?"

"हो, बाबा."

अहो, काय तो आनंद! डोळ्याचं राहिलं बाजूला, बाबांनी लगेच आपल्या दुकानातल्या जुन्या जोडीदाराला फोन लावला. त्या काकांनाही हाच काचबिंदू, हाच दवाखाना. "अरे, आपण वेडे नव्हतो! तुझंही पान पांढरंच दिसत होतं ना? त्यातच खोट होती! आमच्या पोरानं शोधून काढली!"

नवरा म्हणाला, "बाबा, मी शोधून नाही काढली. ती खोट मीच केली होती."

बाबांनी फोनवर हात ठेवला. "हळू बोल," ते कुजबुजले. "तो ऐकेल."

नवऱ्याचे डोळे भरून आले. त्यानं हात पुढे केला. "फोन द्या, बाबा."

"अरे, कशाला उगाच?"

"द्या."

त्यानं फोन कानाला लावला. "काका, ते पान मी बनवलं होतं. तुम्हाला नंबर मिळाला नाही तो माझ्यामुळे." मग त्यानं विचारलं, "तुमचे डोळे आता कसे आहेत?"

तिकडून काका बराच वेळ बोलत होते. हा सगळं ऐकत राहिला.