कावीळ उतरली, म्हणत होते

त्या उन्हाळ्यात आमच्या मुलुंडच्या बिल्डिंगमध्ये कुणी कुणाला 'कसं काय' विचारत नव्हतं. 'डोळे दाखव' म्हणायचे. जिन्यात कुणी भेटलं की खालची पापणी ओढायची आणि उजेडाकडे तोंड करायचं. पिवळं दिसलं की झालं, वाट लागली. आमच्या मजल्यावर एकही घर सुटलं नव्हतं. पाण्याचा पाइप गटाराजवळ कुठेतरी फुटलाय म्हणत. कुठे, ते शेवटपर्यंत कळलं नाही.

पाणी वीस मिनिटं उकळून प्या, असा कागद दवाखान्यात लावला होता. लावणाऱ्याचं काय जातंय! आमचा गॅसचा नंबर लागलेला नव्हता. रॉकेलसाठी रेशनच्या दुकानात उभं राहायचं आणि आठ माणसांचं पाणी स्टोव्हवर उकळत बसायचं. ते निवायच्या आधीच मुलं गॅलरीतल्या नळाला तोंड लावून यायची. आल्यागेल्याला पाणी द्यायची रीत गेली. लोक उंबऱ्यातच 'पाणी नको हं' म्हणायचे, आणि मला मेलीला बरंच वाटायचं, एक तांब्या वाचला. पिवळ्यावर पिवळं नको म्हणून हळदही बंद. आमचं कोकणातलं घर, पांढरंफटक कालवण बघून सासरे ताट सारायचे. उसाचा रस मात्र काविळीला चांगला, म्हणून नाक्यावरच्या गाडीवर ही रांग. रसात बर्फ. तो कुठल्या पाण्याचा, हे कुणाला विचारावंसं वाटलं नाही. मीच किटली देऊन मुलांना पाठवत होते.

आधी माझी मुलं पडली, मग सासूबाई. त्या उठतात न उठतात तोच धाकट्या जावेचे डोळे पिवळे झाले. तिला सातवा महिना होता. पहिलं बाळंतपण माहेरी, गावी व्हायचं म्हणून दिराने एसटीचं तिकीटसुद्धा काढून ठेवलं होतं. ते परत करावं लागलं. ती दिवसभर रडली. लग्न होऊन दीड वर्ष झालं होतं, पण मुंबई तिला कधी आपली वाटलीच नाही. बोलायचीही मालवणीतच. रात्री भांडी घासताना मला त्यांच्या विहिरीचं, फणसाचं सांगत बसायची. मी नुसती हूं हूं करायची.

डॉक्टरांनी बजावलं होतं, पोटुशी बाई आहे, दर दोन दिवसांनी आणून दाखवा. दोनदा नेलं. मग कुणीतरी दिराला सांगितलं, कांदिवलीला एक म्हातारी काविळीची माळ देते. मुळांचे बारीक तुकडे दोऱ्यात गाठी मारून ओवलेले. माळ आधी डोक्यावर मुकुटासारखी बसते. कावीळ उतरेल तशी ती लांब होत गळ्यात येते, मग छातीवर, मग पोटावर. मुळं सुकतात, गाठी सैल पडतात, म्हणून माळ वाढते, हे मला फार उशिरा कळलं. तेव्हा आम्ही रोज सकाळी माळ बघायचो. पाचव्या दिवशी पोटावर आली. सासूबाईंनी देवापुढे साखर ठेवली. सगळी बिल्डिंग म्हणाली, उतरली. डॉक्टरांकडे न्यायचं राहिलं. डोळे पिवळेच होते, पण डोळ्यांकडे कोण बघतंय! मीही नाही बघितलं. मला फक्त ही आजारपणं संपायला हवी होती. तीन महिने पेज, पाणी, स्टोव्ह, पेज. नाकी नऊ आले होते.

त्या दिवशी सकाळी मी स्टोव्हला पिन मारत होते आणि ती आतून येऊन दारात उभी राहिली. केस सुटलेले. घरभर बघत मला म्हणाली, "वैनी, ह्यां घर कोणाचां गो?"

माझं डोकंच फिरलं. हातात पिन, मागे मुलं भूक भूक करतायत, आणि ही काहीतरी थट्टा करतेय. मी म्हटलं, "तुझ्या बापाचं!"

ती हसली. "मगे बरां," म्हणाली आणि आत जाऊन झोपली.

गाढ झोपली. इतके दिवस तिला अंगाच्या खाजेने झोप नव्हती, म्हणून मी दार लोटून घेतलं आणि मुलांना ओरडले, खबरदार आवाज केलात तर. दुपारी पेज नेली, तर उठेना. निजू दे, म्हटलं. खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं झालं. मीसुद्धा तासभर आडवी झाले. संध्याकाळी दीर कामावरून आला, त्याने हाका मारल्या, मग हलवलं, मग तो घाबरून माझ्याकडे बघायला लागला.

हॉस्पिटलातल्या डॉक्टरांनी विचारलं, "आज काही भलतंसलतं बोलत होत्या का? आपण कुठे आहोत ते कळत नव्हतं, असं?"

दीर शेजारीच उभा होता. मी म्हटलं, "नाही. चांगली बोलत होती."

किती वेळ झोपल्यात, तर म्हटलं, दुपारपासून. तिसऱ्या दिवशी ती गेली, पोटातल्या जिवासकट. सकाळीच नेली असती तर वाचली असती का, ते मी कुणा डॉक्टरला कधी विचारलं नाही. हिंमत झाली नाही.

चौथ्या दिवशी गावाहून तिची आई आली. रडून रडून तिचा आवाज बसला होता. मी पाणी दिलं, ते तिने घेतलं नाही. माझा हात धरून एवढंच विचारलं, "घरची आठवण काढल्यान काय गो तिना?"

"काढली," मी म्हटलं. "तिला वाटलं, ती तुमच्याकडेच आलीय."

आईला जरा बरं वाटलं असावं. तिने माझा हात सोडला नाही. मला तो सोडवून घ्यायचा होता.