शेवटच्या फेरीची सुट्टी

आमच्या दाजींना कुणी विचारलं, काय करता, तर ते म्हणतात, "प्रोग्रामिंग." आणि ताईला कुणी विचारलं, तुमचे मिस्टर काय करतात, तर ती म्हणते, "वाट बघायला लावतात." दोन्ही उत्तरं खरी आहेत; मी त्यांच्याकडेच राहतो, रोज बघतो.

दाजी कुणाच्या नोकरीत नाहीत. जेवणाच्या टेबलाचं खिडकीकडचं टोक हे त्यांचं ऑफिस. तिथं लॅपटॉप, लॅपटॉपच्या उजव्या हाताला बुद्धिबळाचा पट आणि पटावर कायम एक अर्धवट डाव. प्रोग्राम अडला की दाजी पटाकडे बघतात, डाव अडला की प्रोग्रामकडे. दोन्ही एकदम अडले की उठून फ्रीज उघडतात आणि उभे राहतात.

"आत कुणी अडकलंय का?" ताई विचारते.

"विचार करतोय."

"मग दार लावून करा. दूध तापतंय."

ताई हॉस्पिटलात रक्त तपासायच्या खोलीत काम करते. दिवसभर लोकांचं रक्त तपासते आणि घरी येऊन आमचं आटवते, असं दाजी म्हणतात. अर्थात ती घरात नसताना.

दाजींची गिऱ्हाइकं म्हणजे एक दातांचे डॉक्टर, एक ड्रायव्हिंग स्कूल आणि एक लाँड्री. सोमवार ते शुक्रवार काम, शनिवार-रविवार स्पर्धा, अशी त्यांची वाटणी. पण गिऱ्हाइकाचं घोडं नेमकं शुक्रवारी संध्याकाळी पेंड खातं. मग दाजी स्पर्धेत एक सवलत मागतात. या हौशी स्पर्धांमध्ये तशी सोय असते. एखादी फेरी खेळायला जमणार नसेल तर नाव देतानाच पंचांना सांगायचं. मग ती फेरी न खेळता अर्धा गुण मिळतो. जिंकलं तर एक, बरोबरी झाली तर अर्धा, आणि घरी बसलं तरी अर्धा. सगळ्या बुद्धिबळात दाजींना सगळ्यात आवडणारी चाल हीच.

हळूहळू हा नियम त्यांनी घरातही लावून पाहिला.

"तुझ्या मावशीच्या मुलीच्या लग्नाला मला जमणार नाही. आधी सांगतोय, लक्षात ठेव."

"म्हणजे?"

"म्हणजे न आल्याचे सगळे गुण कापायचे नाहीत. अर्धा द्यायचा."

"माझ्या माहेरी न येणाऱ्याला शून्य," ताई म्हणाली. "आणि उशिरा येऊन सगळ्यांच्या आधी जेवायला बसणाऱ्याला उणे. गेल्या खेपेचे उणे अजून फिटायचेत."

तर परवाची स्पर्धा. वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये, पाच फेऱ्यांची, शनिवारी तीन आणि रविवारी दोन. रविवारी दुपारी लाँड्री बंद असताना तिथला नवा प्रोग्राम चालू करून द्यायचा, असा दाजींनी लाँड्रीच्या मालकांना शब्द दिलेला. म्हणून नाव देतानाच त्यांनी शेवटच्या फेरीची सुट्टी मागितली. मी सोबत होतो. पंचांनी चष्म्यावरून पाहिलं.

"शेवटच्या फेरीची? नक्की? एकदा लिहिलं की माझ्या बायकोनं सांगितलं तरी मी खोडत नाही."

"लिहा हो. शेवटच्या फेरीपर्यंत मी कुठल्या टेबलावर पोचलेला असतो ते तुम्हाला ठाऊक आहे."

पंचांना ठाऊक होतं. शेवटची दोन टेबलं जिन्याला लागून होती आणि तिथल्या खुर्च्यांना दाजींच्या बैठकीचा आकार आला होता. इतकी वर्षं खेळून घरात एकच चषक, तोही शेजारच्या मुलीचा, धावण्याचा, ते लोक घर बदलताना चुकून आमच्याकडे राहिलेला. आपला म्हणावा असा एक चषक मिळावा, एवढीच त्या माणसाची इच्छा. बाकी कशाची हाव नाही.

आणि त्याच वेळी दैवाला लहर आली. पहिल्या फेरीत समोरचे वकील स्वतःच्याच वजिराला विसरले. दुसऱ्या फेरीत एका गवंड्यानं घाईत उंटाला हात लावला. हात लावला की तेच मोहरं हलवायचं, त्यानं हलवलं आणि बुडाला. तिसऱ्या फेरीत दाजी खरोखरच सुंदर खेळले, असं ते स्वतःच सगळ्यांना सांगत होते. चौथ्या फेरीत समोरचा गृहस्थ रात्रपाळी करून आलेला. त्याची वेळ संपली तेव्हा तो हनुवटी छातीला लावून शांत झोपला होता. दाजींनी त्याला उठवून हात मिळवला.

चार फेऱ्या, चार गुण. दाजी सगळ्यांच्या वर! त्यांच्या मागे साडेतीन गुणांवर दोघं, औषधांच्या दुकानवाल्या बाई आणि निवृत्त बस कंडक्टर. शेवटची फेरी त्या दोघांची एकमेकांशी. फळ्यावरचं आपलं नाव दाजींनी खालून वर शोधलं, कारण सवय तशी होती. वरती सापडलं तेव्हा ते हसले, आणि हसता हसता नावापुढचा शेरा वाचून त्यांचा चेहरा उतरला. "सुट्टी."

ते पंचांकडे धावले.

"ती सुट्टी राहू द्या. खेळतो मी."

"जोड्या लागल्या."

"परत लावा."

"तुम्ही प्रोग्रामवाले ना?" पंच म्हणाले. "सगळं तयार झाल्यावर परत करा म्हणणारं गिऱ्हाईक तुम्हाला आवडतं का?"

दाजींनी पुन्हा फळ्याकडे पाहिलं.

कंडक्टर मागून म्हणाले, "वा! घरी बसून पहिलं यायची युक्ती! जन्म बसमध्ये काढला, फुकट जाणारे पुष्कळ पाहिले, पण एवढ्या ऐटीत जाणारा नाही पाहिला."

हिशोब सरळ होता. सुट्टीच्या अर्ध्या गुणानं दाजी साडेचारवर जाणार. बाई आणि कंडक्टर यांच्यात बरोबरी झाली तर चषक दाजींचा. दोघांपैकी एक जिंकला तर तो दाजींच्या बरोबरीला येणार, आणि मग दोघांत एक झटपट डाव.

तेवढ्यात ताई जिना चढून आली. दाजी घरी विसरलेला डबा तिच्या हातात होता.

"देव पावला," दाजी म्हणाले. "तू इथंच बस. मी लाँड्रीत चाललोय. काय होतंय ते फोनवर कळव."

"मला त्यातलं काय कळतं?"

"तुला माणसं कळतात. चेहरे बघ."

लाँड्रीत पोचलो तर शटर अर्धं खाली, आत वाफेचा आणि साबणाचा वास, आणि छतापर्यंत प्लास्टिकच्या पिशव्यांत लटकलेले कपडे. काउंटरमागे मालक लॅपटॉपसमोर बसलेले. माणूस भला, पण एक खोड वाईट. पडद्यावर कसलीही चौकट आली की ते "ओके" दाबायचे.

"वाचा तरी आधी," दाजी म्हणाले.

"ते विचारतंय ना? मग हो म्हणायचं. धंद्यात नाही म्हणू नये."

दाजी कामाला लागले. प्रत्येक कपड्याचा नंबर त्या-त्या गिऱ्हाइकाच्या नावाला जोडायचा होता. पाच मिनिटं झाली नाहीत तोच फोन आला. मी तो दाजींच्या कानाला धरला; ताईचा आवाज मलाही ऐकू येत होता.

"हॉलच्या बाहेर येऊन बोलतेय. बाईंनी दोनदा चष्मा पुसला."

"म्हणजे गुंतागुंत झालीय. कंडक्टर?"

"पाय हलवतायत."

"डावा की उजवा?"

"अहो, पाय आहे तो, प्यादं नाही!"

पुढच्या फोनला बाईंनी ओठ मुडपले होते. त्याच्या पुढच्याला कंडक्टरनी पाणी मागवलं आणि न पिता ठेवलं. दाजी एका हातानं टाइप करत होते आणि दुसऱ्या हातानं हवेत प्यादी सरकवत होते. मालकही आता काम विसरून विचारायला लागले, "पाणी प्यायला का तो?"

मग ताई म्हणाली, "बाई एकदम शांत झाल्यात. आमच्याकडे रिपोर्ट वाईट आला की डॉक्टर होतात तशा."

"संपलं. कंडक्टर गेला," असं म्हणून दाजींनी जोरात बटण दाबलं.

ते चुकीचं बटण होतं. पडद्यावर यादी सरसर वर गेली आणि थांबली. लाँड्रीतले साडेतीनशे कपडे, कोट, पडदे, एका फुटबॉल संघाचे सगळे गणवेश आणि खुद्द मालकांचा सदरा, एका नृत्यशिक्षिकेच्या नावावर जमा झाले होते.

"एवढं नाचते ती?" मालक म्हणाले.

फोन पुन्हा वाजला. "बाई जिंकल्या! तुम्ही दोघं सारखे. पंच म्हणतायत लगेच या, नाहीतर चषक बाईंना."

दाजींनी लॅपटॉपकडे पाहिलं, मालकांकडे पाहिलं. "कालच्या नोंदी मी जपून ठेवल्यात. त्या परत चढवायला लावतो. तोवर मी जाऊन येतो."

"तुम्हाला एकट्याला सोडतोय होय! माझा सदरासुद्धा तिच्या नावावर गेलाय." मालकांनी लॅपटॉप काखेत मारला. "गाडी काढतो. तुम्ही खेळा, हे माझ्या नजरेसमोर चालू राहील."

लाँड्रीच्या गाडीतून, लटकत्या कोटांच्या मध्ये उभे राहून आम्ही हॉलवर पोचलो. उतरताना दाजींनी मालकांना बजावलं, "शेवटी एक चौकट येईल. जुन्या नोंदी ठेवायच्या की पुसायच्या, असं विचारेल. तिला हात लावायचा नाही. पुसल्या तर परत मिळणार नाहीत."

"हात बांधून उभा राहतो."

पंचांनी मालकांना लॅपटॉपसकट दाराबाहेर काढलं. मालक वळसा घालून व्हरांड्यातल्या खिडकीशी गेले आणि लॅपटॉप बाहेरच्या कठड्यावर ठेवून, पडदा आत दिसेल असा वळवून उभे राहिले. ताई आणि मी आत भिंतीला टेकलो. पंचांनी ठणकावलं, "बाहेरच्याशी बोलायचं नाही. डाव चालू असताना हॉलबाहेर पाऊल टाकलं की डाव गेला."

डाव सुरू झाला. मला घोडा अडीच घरं चालतो याच्यापलीकडे काही कळत नाही, पण दाजी त्या दिवशी वेगळेच दिसत होते. पाठ ताठ, नजर पटावर. बाईंनी चष्मा पुसला. मग पुन्हा पुसला. मग काढूनच ठेवला.

"बाईंचं अवघड आहे," ताई माझ्या कानात म्हणाली. तिनं माझं मनगट इतकं घट्ट धरलं होतं की मलाच रक्त तपासून घ्यावं लागलं असतं.

दाजींचं एक प्यादं पुढं पुढं जाऊन टोकाजवळ आलं होतं. आणखी दोन घरं, की त्याचा वजीर. चषक पंचांच्या टेबलावर होता. कंडक्टरसुद्धा तोंड मिटून बघत होते. दाजींनी प्यादं एक घर सरकवलं आणि सहज मान वर केली.

खिडकीबाहेरच्या लॅपटॉपवर चौकट आली होती. मालकांनी ती वाकून वाचली. मग त्यांचं एक बोट उठलं आणि पडद्याकडे निघालं.

एक चाल. एवढीच राहिली होती. पण हातातून निसटलेल्या पेल्यामागे हात जातो, तसे दाजी उठले. विचारबिचार काही नाही. खुर्ची पडली, ते दारातून बाहेर, व्हरांड्यात, आणि मालकांचं बोट त्यांनी अर्ध्या वाटेवर पकडलं.

"दाबू नका!"

"मी कुठं दाबतोय?" मालक चक्रावले. "पडद्यावर माशी बसलीय."

माशी उडाली. दाजींनी "ठेवा" दाबलं. साडेतीनशे कपडे आपापल्या माणसांकडे परत गेले. आणि आत पंचांनी घड्याळ थांबवलं.

मग ताई जे बोलली ते मी तिच्या तोंडून आधी कधी ऐकलं नव्हतं. "कसला नियम? ते जिंकत होते! या बाईंचा चेहरा बघा!" बाईंनीही प्रामाणिकपणे मान डोलावली. "जिंकतच होते हो." पण पंच पंचच. चषक बाईंना गेला, दाजींना दुसऱ्या क्रमांकाचं प्रमाणपत्र. ते त्यांनी घडी न घालता दोन्ही हातांनी धरलं.

घरी मालकांनीच सोडलं. या खेपेला आम्ही मागे खाली बसलो. कोट डावीकडे झुलले, उजवीकडे झुलले.

"एक विचारू?" ताई म्हणाली.

"विचार."

"तुमचा तो कोपऱ्यातला घोडा. सगळा वेळ नुसता उभा होता. तो आधीच पुढे आणला असता तर ती माशी यायच्या आत सगळं उरकलं नसतं का?"

दाजींनी तिच्याकडे पाहिलं. लग्न झाल्यापासून तिनं विचारलेला हा पहिला घोडा. त्यांनी मागचा एक चौकड्यांचा शर्ट हँगरसकट ओढला, मांडीवर पसरला आणि कपड्यांच्या टाचण्या नि नंबरांच्या चिठ्ठ्या त्या चौकड्यांत मांडायला लागले. "हे बघ, माझा राजा इथं. बाईंचा हत्ती इथं. आता तू घोडा हलव."

"इस्त्रीचा आहे तो!" मालक आरशातून ओरडले.

घर आलं. गाडी थांबली. कुणी उतरेना.

"उतरताय ना?" मालकांनी विचारलं.

"थांबा हो जरा," ताई शर्टावरची नजर न काढता म्हणाली. "चाल माझी आहे."

शर्ट सोमवारी चुरगळलेलाच गेला. पण ज्याचा होता त्याच्याकडे गेला.