टाकीवरचं कुंकू

मी मूळचा सांगलीकडचा. मिरजेत सतारींना पॉलिश करायला शिकलो आणि पोटासाठी साताऱ्यात येऊन मोटारसायकली रंगवू लागलो. सतार असो की पेट्रोलची टाकी, रंगावरचा शेवटचा पारदर्शक लॅकर हेच खरं काम. त्यात धूळ बसते, ओघळ येतात, पावसाळी हवेत तो दुधासारखा पांढुरका होतो. हे सगळे दोष पाण्याचा पेपर, म्हणजे ओला करून वापरायचा पॉलिश पेपर, घासून निघतात, फक्त लॅकर पुरता वाळू द्यावा लागतो. ते आमच्या लोकांना जमत नाही. दसरा तोंडावर आला की सगळेच उतावळे नवरे, गुडघ्याला बाशिंग.

बहात्तरच्या उन्हाळ्यात कोरेगावकडचे एक निवृत्त सुभेदार मोटारसायकल ढकलत माझ्या दुकानात आले. गाडी मी ओळखली. आदल्या दसऱ्याला मीच रंगवली होती, त्यांच्या मुलासाठी. मुलगाही फौजेत होता. डिसेंबरातल्या लढाईत तो पडल्याचं मी ऐकलं होतं.

टाकीवर कुंकवाची पाच बोटं उमटली होती. खंडेनवमीला आमच्याकडं हत्यारं, अवजारं आणि गाड्याही पुजतात. लॅकर अजून मऊ असताना कुणीतरी ओलं कुंकू लावलं होतं आणि ते थेट रंगापर्यंत उतरलं होतं.

"एवढा डाग काढा मिस्त्री," सुभेदार म्हणाले. "घरात तिला अन्न गोड लागंना ह्यापायी."

ती म्हणजे त्यांची बायको. मी जास्त विचारलं नाही. माझा स्वभाव तिरसट, आणि दुःखातल्या माणसाशी काय बोलावं ते मला आजही कळत नाही.

मी डाग घासला, रंग जुळवला, वरून लॅकर मारला. सकाळी पाहतो तर बोटं पुन्हा वर आलेली, फिकट गुलाबी. लॅकरमधल्या थिनरनं खालचं कुंकू विरघळून वर चढत होतं. पुन्हा घासलं, पुन्हा मारलं, पुन्हा तेच. मी चिडलो, स्वतःवर आणि त्या कुंकवावरही. आता टाकी पत्र्यापर्यंत खरवडायची, दुसरा इलाज नव्हता. तसा निरोप मी कोरेगावच्या एसटीतून धाडला.

दुसऱ्या दिवशी सुभेदार आले, ते बायकोला घेऊनच. बाईंनी टाकीवरची बोटं पाहिली आणि मटकन खाली बसल्या.

"बघा, जाईना," त्या म्हणाल्या. "माज्याच हाताचा डाग हाय. गाडीच्या कोऱ्या रंगाला मी डाग लावला आन् माजं लेकरू गेलं. मी अपशकुन क्येला."

सुभेदार म्हणाले, "सा म्हैनं हेच चाललंय."

तेव्हा मला कळलं की ही बाई कशानं झिजते आहे.

"मावशी," मी म्हणालो, "डाग पडणार हे त्याला ठावं हुतं."

त्यांनी मान वर केली.

मग मी सगळं सांगितलं. रजा रद्द झाल्याची तार आली, म्हणून तो खंडेनवमीच्या आदल्या दिवशीच गाडी न्यायला आला होता. मी त्याच्यावर खेकसलो होतो, की लॅकर कच्चा हाय, ओला हात लावू नकोस, कुंकू तर अजिबात न्हाई. तो हसला होता. "मिस्त्री, आई उद्या पुजा करणार. तिला नगं कसं म्हनू? पडू द्या डाग. म्होरल्या रजंला येतो, तवा काढून द्या," असं म्हणून त्यानं गाडीला किक मारली होती.

बाईंनी विचारलं,

"म्हंजे त्यानं जानूनबुजून लावून घेतलं?"

"व्हय."

त्या रडल्या, मोठ्यानं. सुभेदारांनी रस्त्याकडं तोंड फिरवलं. मलाही रडू आलं, ते मी लपवलं नाही. आता या 'डाग राहू द्या' म्हणणार असं मला वाटलं, आणि खरं सांगायचं तर तसं झालं असतं तर मला बरंच वाटलं असतं.

पण त्यांनी पदरानं तोंड पुसलं, पदर कमरेला खोचला आणि दाराजवळची बादली टाकीपाशी ओढून घेतली.

"काढा," त्या म्हणाल्या. "लेक काढायला सांगून गेलाय न्हवं? पानी मी वतते."

मी घासत होतो आणि लाल पाणी जमिनीवर सांडत होतं. खालचा पत्रा उघडा पडेपर्यंत त्या तांब्यानं पाणी ओतत राहिल्या.