सांगितलं होतं, असं मी म्हणाले

हे मी नवऱ्याला सांगितलेलं नाही. आईला नाही, पाठच्या बहिणीलाही नाही. एकदा देवळात हात जोडून उभी असताना मनातल्या मनात सांगायला लागले होते, तर तिथेही अर्ध्यावर थांबले. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुमच्याजवळ बोलता येईल असं वाटतंय. बघू — जमतंय का ते.

मी सोलापुरात एका त्वचारोगाच्या डॉक्टरांकडे कामाला आहे. बरीच वर्षं झाली. नंबर लावणं, फायली काढणं, फोन घेणं, आणि आणखी एक काम. त्या एका कामाबद्दलच हे सगळं आहे. डॉक्टर सज्जन माणूस. त्यांचं नाव घेत नाही. यात त्यांचं काही चुकलेलं नाही.

मुरुमांवर एक औषध असतं. साध्यासुध्या मुरुमांना ते देत नाहीत. गालावर, हनुवटीवर, पाठीवर बोराएवढ्या गाठी येतात, पू धरतो, बरं झालं तरी खड्डे राहतात — अशांना देतात. छोटीशी मऊ कॅप्सूल, जेवण झाल्यावर घ्यायची. ओठ फाटतात, डोळे कोरडे पडतात, मधूनमधून रक्त तपासावं लागतं. पण चेहरा बदलतो. खाली मान घालून आलेली मुलगी चार-पाच महिन्यांनी मान वर करून आत येते, हे मी कितीतरी वेळा पाहिलंय.

फक्त एक गोष्ट कडक पाळावी लागते. औषध चालू असताना, आणि बंद केल्यावरही महिनाभर, बाईला दिवस जाता कामा नयेत. पोटातल्या बाळाचे कान, हृदय, मेंदू — नेमके घडायच्या वेळेला बिघडू शकतात.

पोरी सरांसमोर लाजतात, म्हणून हे समजावून सांगायचं काम त्यांनी माझ्याकडे दिलं होतं. मुलीला एकटीला मागच्या खोलीत न्यायचं. बरोबरच्या माणसांना बाहेर बसवायचं. कागद वाचून दाखवायचा, तिच्या तोंडून पुन्हा वदवून घ्यायचा, आणि मग सही. फाइलमध्ये एक चौकट होती — ‘समजावून सांगितले’. तिथे मी बरोबरची खूण करायची आणि खाली माझी आद्याक्षरं. लग्न झालेलं असो वा नसो, प्रत्येक मुलीला सांगायचं, असं सरांनी मला बजावलं होतं. दोनदा बजावलं होतं.

कोमल वेळापूरकडची. एकवीस वर्षांची. अकलूजच्या डॉक्टरांनी चिठ्ठी देऊन आमच्याकडे पाठवली होती. वडील बरोबर होते, आणि इथे सोलापुरातच राहणारी आत्या. पोरीनं स्कार्फ असा गुंडाळला होता की नुसते डोळे दिसत होते. सरांनी सोडायला सांगितला तेव्हा ती आधी वडिलांकडे बघून मग गाठ सोडायला लागली. दोन्ही गाल सुजलेले, लालभडक, हात लावला तरी दुखणारे. दोन ठिकाणी बघण्याचा कार्यक्रम झाला होता, दोन्हीकडून नकार. हे आत्यानं न विचारता सांगितलं. कोमल तेव्हा भिंतीवरच्या तक्त्याकडे बघत होती.

सोमवार होता, दवाखाना भरला होता. पण सोमवार दर आठवड्याला येतो. गर्दीचं कारण मी स्वतःला इतकी वर्षं देत आले, आज तुम्हाला देणार नाही. खरं कारण वेगळं होतं. दोन होती. एक म्हणजे वडील शेजारी उभे होते आणि त्यांना ‘जरा बाहेर थांबा’ म्हणायचा मला कंटाळा आला. आणि दुसरं — हे लिहिताना हात अडतोय — मी तिच्याकडे पाहिलं आणि मनात म्हटलं, हिला कशाला सांगायचं? हे असलं तोंड, खेड्यातली, लग्न न झालेली. हिला कोण विचारतंय? असंच म्हटलं मी. याच शब्दांत.

कागद तिच्यापुढे सरकवला. बोट ठेवलं. इथे सही कर, म्हटलं.

वडिलांनी वाकून पाहिलं. “काय लिवलंय ह्यात?”

“काही नाही, औषधाचा नेहमीचा कागद आहे.”

तिनं सही केली. मी चौकटीत खूण केली. रक्ताच्या तपासणीबरोबर लघवीचीही तपासणी झाली होती, पण ती दिवस गेलेत का हे बघण्यासाठी असते, हे तिला कोणी सांगितलं नाही. तेही सांगायचं काम माझंच होतं. सरांनी आतून घंटी वाजवली आणि मी पुढची फाइल उचलली.

ती दर महिन्याला येऊ लागली. कधी आत्याबरोबर, कधी वडिलांबरोबर. दुसऱ्या महिन्यात गाठी बसायला लागल्या. तिसऱ्या महिन्यात ती स्कार्फ हातात धरून आत आली. एकदा मला म्हणाली, “मॅडम, मी लई दिसांनी आरशात बघितलं.” मी हसले. मला बरं वाटलं — तुम्हाला हे विचित्र वाटेल, पण खरंच मनापासून बरं वाटलं. आपण काहीतरी चांगल्या कामात आहोत असं वाटण्याचे ते दिवस होते. त्या तीन-चार भेटींत मला एकदाही वाटलं नाही की हिला मागच्या खोलीत न्यावं. की वाटलं होतं? आठवून बघते, पण आता माझ्याच आठवणीवर माझा विश्वास राहिलेला नाही.

पाचव्या महिन्यात ती आली नाही. फोन आला. दुपारी, मी डबा उघडून बसले होते तेव्हा. लग्न ठरलं होतं. तिसरं स्थळ, मुलगा चांगला, घाई मुलाकडच्यांचीच. आवाजात नुसता आनंद होता. तिनं विचारलं, गोळ्या चालू ठेवू का बंद करू?

इथे थोडं थांबते.

मी सगळ्यांना सांगत आले — म्हणजे सगळ्यांना नाही, स्वतःलाच — की त्या फोनच्या वेळी माझ्या लक्षातच आलं नाही. ते खोटं आहे. लक्षात आलं होतं. ‘लग्न’ हा शब्द ऐकला आणि हातातला घास हातातच राहिला. पण तिला तेव्हा सांगायचं म्हणजे आधी का नाही सांगितलं, हा प्रश्न आलाच असता. सरांकडे फोन द्यायचा, तर सर फाइल मागणार, आणि फाइलमध्ये माझी खूण. मग मी काय केलं? म्हटलं, चालू ठेव, मधेच सोडू नकोस, आणि लग्नाआधी एकदा येऊन जा. आली की सांगू. निवांत सांगू. असं ठरवून मी डबा संपवला.

लग्नाआधी ती आली नाही. येणार कशी? घरात लग्न, ती एकटीच कर्ती पोर, धाकटी बहीण शाळेत. गोळ्या तिथल्याच दुकानातून जुन्या चिठ्ठीवर मिळत होत्या. आणि मी फोन केला नाही. तिचा नंबर फाइलवर होता. फाइल माझ्या पाठीमागच्या कपाटात होती, हात लांब केला तर पोचेल एवढ्या अंतरावर. तीन महिने ती तिथे होती.

मग एका सकाळी ती आली. नवरा बरोबर होता. हिरवा चुडा, कपाळाला कुंकू, आणि चेहरा — काय सांगू तुम्हाला — डाग होते, खड्डे होते, पण स्वच्छ चेहरा. पेढ्यांचा पुडा तिनं माझ्या टेबलावर ठेवला. सरांना दाखवायला आणि आभार मानायला आली होती. नवरा सोडला तर सासरी बाकी सगळ्यांना तिनं गोळ्या ताकदीच्या म्हणून सांगितल्या होत्या. रोज रात्री दुधाबरोबर न चुकता घेत होती. मी मधेच सोडू नकोस म्हटलं होतं ना.

आत गेल्यावर सरांनी विचारलं, पाळी कधी आली होती? ती नवऱ्याकडे बघून हसली. दोन महिने झाले होते.

सरांनी पेन खाली ठेवलं. मला आत बोलावलं. त्यांच्यापुढे फाइल उघडी होती आणि त्यांचं बोट माझ्या आद्याक्षरांवर होतं.

“हिला तुम्ही सांगितलं होतं ना?”

विचारताना त्यांचा आवाज चढलेला नव्हता. नुसतं विचारत होते. मी नाही म्हटलं असतं तर काय झालं असतं? नोकरी गेली असती, कदाचित. गेलीही नसती. सर रागावले असते, कोमलच्या नवऱ्यानं मला चार शब्द सुनावले असते, आणि ते मला ऐकून घ्यावे लागले असते. एवढंच. याहून जास्त काही नाही. हा हिशोब मी नंतर शेकडो वेळा मांडलाय. त्या वेळी मांडला नाही.

मी म्हटलं, “हो सर, सांगितलं होतं. सही आहे तिची.”

कोमल माझ्याकडे बघत राहिली. ती चिडेल, नाही म्हणेल, असं मला वाटलं होतं. ती चिडली नाही. तिच्या कपाळावर आठी पडली, आपण काहीतरी आठवायचा प्रयत्न करतो ना, तशी. ती खरोखर आठवत होती. आपल्याच डोक्यात शोधत होती, मी कधीच न बोललेले शब्द. मग ती हळू म्हणाली, “सांगितलं असंल. माझंच ध्यान नसंल.”

नवरा म्हणाला, “आगं, मग तुला कळत न्हवतं का?”

तिनं मान खाली घातली. पहिल्या दिवशी घातली होती तशीच.

सरांनी त्याच दिवशी ओळखीच्या स्त्री-रोगतज्ज्ञ बाईंकडे पाठवलं. त्या बाईंनी दोघांना बसवून समजावलं, असं आत्या पुढे सांगत होती — बाळात व्यंग येईलच असं नाही, पण धोका मोठा आहे, आणि सगळंच काही सोनोग्राफीत दिसत नाही. निर्णय तुमचा. निर्णय कोमलचा नव्हता, सासूचा झाला. आठवड्याच्या आत पोट पाडलं. गोळ्यांची गोष्टही तेव्हाच घरात फुटली. पोरीनं फसवलं, तोंड लपवून लग्न केलं, डॉक्टरांनी बजावलेलं असताना मुद्दाम गोळ्या खाल्ल्या — असं गावभर झालं. चार महिने ती माहेरी होती. मग नवरा येऊन घेऊन गेला. माणूस वाईट नव्हता, आत्या म्हणायची. पण बोलायचा कमी झाला.

आत्या हे सगळं मला सांगायची, कारण मी फोन करून विचारायची. का विचारायची मी? काळजीनं? थोडी काळजी होती. पण जास्त मला हे बघायचं होतं, की कोमलला काही आठवतंय का. तिला काही आठवलं नाही. आठवण्यासारखं काही नव्हतंच.

त्यानंतर मी मुलींना फार नीट समजावू लागले. एकेकीला वीस-वीस मिनिटं. सर नव्या नर्सला म्हणाले, यांच्याकडून शिका. आणि एकदा हेही म्हणाले, की आपण कितीही सांगितलं तरी काही पेशंट ऐकत नाहीत, ती वेळापूरची मुलगी बघा. मी तिथेच उभी होते. मी मान हलवली.

गेल्या वर्षी कोमल पुन्हा आली. तिचा चेहरा आता बाईचा झालाय. बरोबर धाकटी बहीण होती, तोंडावर ओढणी घट्ट धरून. तोच त्रास, त्याच गाठी. सरांनी तीच कॅप्सूल लिहिली आणि मी दोघींना मागच्या खोलीत घेऊन गेले. दार लावलं. आत आम्ही तिघीच.

मी कागद काढायच्या आत कोमलच बोलायला लागली. बहिणीचा हात तिनं धरला होता. “मॅडम सांगत्यात ते नीट आयक. येक येक शब्द ध्यानात ठेव. मला बी यांनी सांगितलं हुतं. नीट बसवून सांगितलं हुतं. मी आयकलं न्हाय, आन माझं काय झालं ते तुला म्हाईत हाय.”

नीट बसवून. हे तिनं कुठून आणलं? इतक्या वर्षांत तिनं स्वतःला इतक्यांदा सांगितलं असणार, की तिला आता ती खोली दिसत होती, मी दिसत होते, माझं तोंड हलताना दिसत होतं. मी तिच्यावर नुसता आळ घेतला नव्हता. तिच्या डोक्यात मी एक खोटी सकाळ घालून ठेवली होती, आणि ती त्यावरून रोज स्वतःला दोष देत होती.

मी विचारलं, आता कशी आहेस. ती म्हणाली, “बरी हाय. आजून काय न्हाय.” पोटाकडे तिचा हात गेला आणि परत आला. तिला अजून मूल नाही. ते कशामुळे, मला माहीत नाही. डॉक्टर म्हणतात, त्याचा याच्याशी संबंध असेलच असं नाही. मी हे तुम्हाला सांगतेय, पण त्यात लपण्यासाठी नाही.

तेव्हा बोलता आलं असतं. दार लावलेलं होतं. सर बाहेर होते. तिचा नवरा गावी होता. एक वाक्य पुरलं असतं. ते वाक्य माझ्या घशापर्यंत आलं होतं असं म्हटलं तर बरं दिसेल — पण आलं नव्हतं. मी कागद हातात घेतला आणि धाकटीला पहिल्या ओळीपासून वाचून दाखवला. तिच्याकडून सगळं वदवून घेतलं. तिनं न अडखळता म्हटलं. कोमल शेजारी बसून प्रत्येक वाक्याला मान हलवत होती, जणू तीही आधी ऐकलेलंच ऐकत होती. निघताना ती माझ्या पाया पडायला वाकली आणि मी तिला अडवलं नाही.

धाकटीचं औषध संपलं. तिचा चेहरा छान झालाय. आता त्या दोघी येत नाहीत.

कोमलला त्या दिवशी कुणी काही सांगितलं नव्हतं. सांगायचं काम माझं होतं, आणि मी सांगितलं नव्हतं.