मातीच्या ठाण्यावरचं कुंकू

ही गोष्ट मी सात वर्षं टाळली. सहलीचा विषय निघाला की जेवणाबद्दल बोलायचो, बसच्या प्रवासाबद्दल बोलायचो आणि तिथेच थांबायचो. आज लिहून टाकतो.

आम्ही दोघं नवरा-बायको जपानात, कावासाकीला मुलाकडे राहायला आलो, त्याला सहलीच्या वेळी तीन वर्षं झाली होती. इथल्या मराठी मंडळींची दोन दिवसांची सहल सुनेने ठरवली होती. नागोयाच्या पलीकडे, डोंगरात, देशोदेशीची घरं उभारलेलं एक खुलं संग्रहालय आहे. दहा मिनिटं चाललं की देश बदलतो. त्या सकाळी धुकं होतं. पुढची माणसं धुक्यात शिरायची आणि मग वळणापलीकडून नुसतं त्यांचं बोलणं यायचं. असं चालत चालत आम्ही आफ्रिकेतल्या एका गावात पोचलो.

एकमेकांना चिकटलेली लालसर मातीची गोल घरं. भिंतींवर काळ्या-पांढऱ्या रेघांची नक्षी. दारं इतकी बुटकी की वाकूनच आत जावं लागे. आत गारवा, मातीचा वास, आणि कुठूनतरी येणारा ढोलाचा संथ आवाज. तो स्पीकरवरचा आहे हे कळूनही मन मानेना. अंगणात गुडघ्याएवढा मातीचा उंचवटा होता. पाटी वाचून सून म्हणाली, "बाबा, हे त्यांच्या पूर्वजांचं ठाणं." मग सगळे पुढच्या घरात शिरले. आमची ही तिची पर्स माझ्याकडे देऊन टॉयलेट शोधायला गेली होती.

मी एकटाच उरलो. धुक्यातून ऊन झिरपत होतं. त्या घटकेला मी जपानात नव्हतो, आफ्रिकेतही नव्हतो. समोर ठाणं होतं आणि त्याला कोणी काही वाहिलेलं नव्हतं, एवढंच दिसत होतं. हिच्या पर्समधून कुंकवाची डबी काढली, चिमूटभर लावलं, हात जोडले, डबी परत ठेवली.

थोड्या वेळाने ही परत आली, आणि तिथल्या एक वयस्क कर्मचारी बाई सुनेला बोलवायला आल्या. तक्रार करतानाही त्याच वाकत होत्या. सून त्यांच्याहून खाली वाकून क्षमा मागत होती. कुंकू मातीत मुरलं होतं, पुसायला गेल्यावर आणखी पसरलं.

"काकू, आता नारळही वाढवून टाका," मागून कोणीतरी म्हणालं. सगळे हसले.

डबी हिची, म्हणून सगळ्यांनी हिलाच धरलं. शिवाय त्याच महिन्यात हिने दोनदा भलत्याच वारी कचरा बाहेर ठेवला होता, शेजाऱ्यांची चिठ्ठी आली होती.

"आई, तुम्ही लावलंत?" सुनेने विचारलं.

ही ठाण्याकडे बघत राहिली. मग स्वतःची बोटं उलटीसुलटी करून पाहिली. स्वच्छ होती. "मी? नाही... लावलं असेल गं. हल्ली लक्षात राहत नाही."

माझा उजवा हात कोटाच्या खिशात होता. 'मी' एवढंच म्हणायचं होतं. इतक्या लोकांसमोर जमलं नाही. रात्री हॉटेलात सांगू, असं ठरवलं. मग घरी गेल्यावर.

घरी आल्यावर हिने डबी सुनेच्या हातात दिली. "तूच ठेव. माझाच माझ्यावर भरवसा नाही." तेव्हापासून ही प्रत्येक गोष्ट मला विचारू लागली. "अहो, चहात साखर घातली का मी?" पुढे दवाखाने सुरू झाले. डॉक्टर म्हणाले, विसरण्याचा आजार आधीपासून होता, वाढणारच होता. असेल. पण त्या सकाळी तिची आठवण शाबूत होती. ती खोटी आहे असं मी तिला पटू दिलं.

गेल्या महिन्यात सुनेला सांगितलं. ती भांडी विसळायची थांबली. तिने नळ बंद केला. "आईंना सांगितलंत?" एवढंच तिने विचारलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी हिच्याजवळ बसलो. बाल्कनीतून ऊन आत आलं होतं, ही त्यात पाय पसरून बसली होती. म्हटलं, "त्या सहलीत ठाण्याला कुंकू मी लावलं होतं. तू नाही."

माझ्याकडे बघून ही छान हसली. "बरं केलंत," म्हणाली. कुठली सहल, कसलं ठाणं, काही विचारलं नाही. मग डोळे मिटले.

पुढचं वाक्य तोंडात तसंच राहिलं. तुझं काही चुकलं नव्हतं, चुकलो मी. मला माफ कर.